अमेरिकेत पोराकडं चाललोत, तिथल्या समुद्रावर जावं का?

औसा तालुक्यातून एका ताईंचं पत्र आलंय. लांबलचक आहे, त्यातलं मुख्य तेवढं त्यांच्याच शब्दांत देते:

"मी किल्लारीजवळच्या गावची. मुलगा-सून सिएटलला कंपनीत आहेत, आम्ही दोघं पहिल्यांदाच तिकडं जायलोत. जूनमध्ये मुलानं ऑलिम्पिक नॅशनल पार्कातल्या समुद्रावर न्यायचं ठरवलंय, रियाल्टो बीच म्हणून आहे. सुनेनं व्हिडिओ पाठवला तर किनाऱ्यावर हे एवढाले ओंडके पडलेले अन् त्याच्यावरून लोकांची पोरं उड्या मारायलीत, माझ्या पोटात गोळाच आला. यांचं वय सदुसष्ट, गुडघे गेलेत. नातू सहा वर्षांचा, एका जागी ठरत नाही. आम्ही समुद्र पाहिला तो गणपतीपुळ्याला एकदाच. मुलगा म्हणतो आई तू उगंच भितीस, गव्हर्नमेंटचं पार्क आहे, तिथं सगळं सेफ असतंय. मला समुद्राची ओटी भरायची, नारळ वाहायची लई इच्छा आहे. जावं का नाही तेच कळंना. अन् साडीवर जमंल का?"

ताई, नमस्कार. जा, नक्की जा. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढचं वाचताना तुम्हाला वाटंल की नकोच ते. तो किनारा बघण्यासारखा आहे, पाण्यातून सरळ वर उठलेले काळे सुळके, त्यांच्या डोक्यावर उगवलेली झाडं, मागं गच्च जंगल अन् पुढं थेट जपानपर्यंत नुसतं पाणी. मी त्या भागात नातेवाइकांकडं राहून आलेय, रियाल्टोवर चाललेय, म्हणून बघितलेलं सांगतेय. पण तुमच्या पोटात जो गोळा आला ना तो बरोबर जागी आला, आणि मुलाचं 'पार्क आहे म्हणजे सेफ आहे' हे मात्र साफ चूक आहे, त्याला तसं माझ्या नावानं सांगा.

आपल्याकडं पार्क म्हटलं की कंपाउंड, तिकीट खिडकी, शिट्टी मारणारा वॉचमन. तिथं नॅशनल पार्क म्हणजे जागा जशी आहे तशी ठेवलेली. ऑलिम्पिक पार्क १९३८ सालचं, समुद्राकाठचा पट्टा त्यात १९५३ ला जोडला, आणि हा शंभर किलोमीटरहून लांब किनारा बहुतेक ठिकाणी बिनरस्त्याचा आहे. तिथं पाण्यावर लक्ष ठेवणारा लाइफगार्ड नाही, रेलिंग नाही, दोरी बांधून 'याच्या पुढं जाऊ नये' असं कोणी केलेलं नाही, आणि मोबाईलला रेंज तर धरूनच चाला की नाही. पाट्या आहेत, त्या नीट वाचायच्या. बाकी सगळं आपलं आपण.

आता ओंडके. तुम्ही व्हिडिओत जे बघितलं ते तिथलं सगळ्यात फसवं दृश्य आहे. ते ओंडके कोणी आणून टाकलेले नाहीत, रियाल्टोच्या बाजूलाच क्विलायूट नावाची नदी समुद्राला मिळते, तिच्यासारख्या नद्यांना पूर आला की काठची झाडं मुळासकट उपटून समुद्रात जातात, आणि ती झाडं म्हणजे साठ-सत्तर मीटर उंच वाढणारी स्प्रूस, फर, सिडार अशी. समुद्र ती परत किनाऱ्यावर आणून रचतो. वाळून पांढरी झालेली, गुळगुळीत, बसायला छान वाटतात. पण हिशोब करा, एक मीटर जाड अन् दहा मीटर लांब खोड घेतलं तर ते पाणी प्यायलेलं लाकूड पाच-सहा टन सहज भरतं. आणि लाकूड तरंगतं ना, म्हणून त्याला हलवायला खोल पाणी लागत नाही. मी डोळ्यानं बघितलंय, माझ्या कमरेइतक्या जाडीचं खोड, आदल्या दिवशी त्याच्यावर लोक बसून डबा खाताना बघितलेले, एक लाट चढली, पाणी फार तर घोट्याएवढं असंल, आणि ते खोड अर्धं वळसा घेऊन गडगडलं अन् लाट मागं फिरल्यावर परत जागेवर आलं. आवाज एवढाच, खालचे गोटे करकर भरडल्याचा. त्याच्या पुढं किंवा मागं त्या घडीला माणूस असता तर सुटायची गोष्टच नाही. तिथल्या पाटीवर सरळ लिहिलेलं असतं की हे ओंडके जीव घेतात, आणि ते घाबरवायला लिहिलेलं नाही, माणसं गेलीत म्हणून लिहिलंय.

म्हणून नातवाला पहिल्या दिवसापासून, अगदी विमानातनं उतरल्यापासून, एकच घोकून घ्या: लाकडावर चढायचं नाही. समुद्र कितीही शांत असू द्या. लाटा येत असताना ओंडके अन् पाणी यांच्या मधल्या पट्ट्यात तर मोठ्यांनीही थांबायचं नाही, कारण लाट आली की मागं पळायला जागा नसते, मागं ओंडक्यांची भिंत. पार्किंगकडून बीचवर उतरताना ओंडक्यांच्या रांगेतनं जी मोकळी वाट असते ती लक्षात ठेवायची आणि बसायचं तर तिच्या जवळपासच, म्हणजे निघायचं म्हटलं की कुठून निघायचं हे शोधत बसायला नको. भरती पूर्ण चढलेली असली तर बीचवर उतरायचंच नाही, पार्किंगला लागून पिकनिकची बाकडी आहेत तिथूनही समुद्र दिसतो, ऐकू तर फारच जोरात येतो.

लाटांचं सांगते. तुम्ही म्हणाल गणपतीपुळ्याला लाटा होत्याच की. होत्या, आणि तिथंही घाटावरनं गेलेली पोरं बुडाल्याच्या बातम्या आपण वाचतोच. पण रियाल्टोला वाळू कमी अन् गोल गोल राखाडी गोटे जास्त, किनारा एकदम उताराचा, त्यामुळं लाट लांब कुठं तरी फुटून हळूहळू पायाशी येत नाही, ती काठावर येऊनच फुटते अन् तेवढ्याच जोरात मागं ओढते, आणि मागं जाताना पायाखालचे गोटेच घेऊन जाते. उभा माणूस तोल जाऊन पडतो ते असा, लाटेच्या धक्क्यानं नाही तर परतीच्या ओढीनं. आणि दुसरं म्हणजे तिथं अधूनमधून एखादी लाट बाकीच्यांपेक्षा पार वर येते. पंधरा-वीस मिनिटं सगळं एका मापात चाललेलं असतं, माणूस निर्धास्त होतो, मोबाईल काढतो, समुद्राकडं पाठ करून फोटोला उभा राहतो आणि तेवढ्यात ती येते. इंग्रजीत तिला स्नीकर वेव्ह म्हणतात. कारण असं की त्या लाटा तिथल्या वाऱ्याच्या नसतातच, हजारो किलोमीटर लांब अलास्काकडं किंवा पॅसिफिकच्या मधोमध कुठं वादळ झालेलं असतं, तिथून वेगवेगळ्या लाटा निघतात आणि कधी कधी दोन-तीन एकमेकींवर चढून एकच मोठी होऊन पोचते. म्हणून आकाश निळं, वारा नाही, ऊन पडलंय, तरी ती लाट येऊ शकते. थंडीत हे जास्त, पण जूनमध्ये नसतंच असं नाही.

याच्यावर उपाय साधाच आहे पण पाळावा लागतो. गेल्या गेल्या खाली पळायचं नाही. वर थांबून पंधरा-वीस मिनिटं नुसतं बघायचं, लाट कुठपर्यंत येते, गोटे कुठपर्यंत ओले काळे झालेत. ती ओली रेष दिसली की तिच्या बऱ्याच वर राहायचं, रेषेवर नाही. पाठ कधीच करायची नाही. फोटो काढायचाय ना, मग वर पार्किंगच्या बाजूला काढा, सुळके मागं येतातच फोटोत. आणि नातवाच्या बाबतीत 'सगळ्यांचं लक्ष आहे' हे मला अजिबात चालणार नाही, सगळ्यांचं लक्ष म्हणजे कोणाचंच नाही. एका वेळी एका मोठ्या माणसाच्या हातात त्याचा हात, त्याचा मोबाईल खिशात, आणि दुसऱ्याकडं द्यायचं तर तोंडानं सांगून द्यायचं, 'आता तू धर'. सूनबाई, मुलगा, आळीपाळीनं. तुम्ही अन् दाजी यात पडू नका, सहा वर्षांचं पोरगं हिसडा देऊन पळालं तर तुमच्यानं धरवणार नाही आणि त्याच्या मागं पळताना तुम्हीच पडाल.

आता जे मला सगळ्यात जास्त सांगायचंय ते भरती-ओहोटीचं. आपण मराठवाड्यातली माणसं, आपल्याला गोदावरीचा पूर कळतो, जायकवाडीचे दरवाजे कधी उघडले ते कळतं, टँकर कधी येणार ते तर मिनिटावर कळतं, पण समुद्राचं पाणी रोज दोनदा चढतं अन् दोनदा उतरतं हे आपल्या अंगवळणी नाही. पाऊस नाही पाणी नाही, तरी चढतं. गणपतीपुळ्याला तुम्ही दोन तास होतात तर पाणी जरा वर सरकलं किंवा खाली गेलं असंल, तुमच्या लक्षातही आलं नसंल, कारण मोकळी वाळू आहे, माणूस चार पावलं मागं सरकतो अन् झालं. रियाल्टोला मागं सरकायलाच जागा नाही अशा जागा आहेत.

पार्किंगपासून उत्तरेला साधारण अडीच किलोमीटरवर 'होल इन द वॉल' म्हणून आहे, समुद्रात घुसलेला खडकाचा कडा आणि त्याला लाटांनी पाडलेलं आरपार भोक. सगळे तिकडंच चालत जातात, तुमचा मुलगाही तेच म्हणणार बघा. ओहोटीला त्या भोकातनं पलीकडं जाता येतं. पलीकडं गेलं की मस्त, खडकांतल्या डबक्यांत जांभळे-केशरी तारामासे, हिरवी फुलासारखी दिसणारी समुद्री जनावरं, लेकराला तासभर हलवत नाही तिथून. आणि तेवढ्यात भरती लागते. आपल्याकडं ओढा कोरडा म्हणून पलीकडच्या शेतात गेलो अन् मागनं पाणी आलं तर जशी गत होते तशी गत, फरक एवढाच की ओढ्याच्या पलीकडं निदान शेत असतं, इथं कड्याच्या पलीकडं मागं उभी दरड अन् पुढं समुद्र. अशा कड्यांवरून जायला काही ठिकाणी वरून चढाईच्या वाटा ठेवल्यात, लाल-काळ्या गोल पाटीची खूण असते, पण त्या वाटा चिखलाच्या, मुळं पकडून चढायच्या, कुठं दोर धरून. दाजींच्या गुडघ्यांना ते जमणार नाही. म्हणून तुमच्या दोघांसाठी माझं स्पष्ट मत आहे की होल इन द वॉलचा विषयच काढू नका. मुलगा-सून आळीपाळीनं जाऊन येतील एखादे वेळी, लेकराला तुमच्यापाशी सोडून नाही, त्यांच्यातला एक तुमच्यासोबत थांबून.

वेळा कशा बघायच्या ते सांगते, हे मुलाला वाचून दाखवा. अमेरिकेची नोआ नावाची सरकारी संस्था आहे, तिच्या वेबसाईटवर ला पुश या ठिकाणाच्या भरती-ओहोटीच्या वेळा तारखेनुसार मिळतात, ला पुश म्हणजे रियाल्टोच्या समोरच, नदीच्या पलीकडच्या काठाला. दिवसात दोन भरत्या, दोन ओहोट्या, आणि त्या किनाऱ्याला दोन्ही सारख्या नसतात, एक ओहोटी चांगली खोल तर दुसरी अर्धीमुर्धी. रोज वेळ साधारण पन्नास मिनिटांनी पुढं सरकते, त्यामुळं मित्राच्या मागच्या आठवड्याच्या वेळेवर जायचं नाही. जूनमध्ये तिकडची खोल ओहोटी सकाळीच पडते, हे तुमच्या फायद्याचं. आणि तक्ता घड्याळाच्या कुठल्या वेळेत आहे ते बघायचं, उन्हाळ्यात तिथं घड्याळ तासभर पुढं केलेलं असतं, छापील तक्त्यात ते धरलेलं नसलं तर पूर्ण एक तासाची चूक होते, आणि एक तास म्हणजे लई झाला.

पाणी चढतं-उतरतं किती? रोज अडीच मीटरच्या आसपास, अमावस्या-पौर्णिमेला त्याहून जास्त. अमावस्या-पौर्णिमेला उधाण अन् अष्टमीला भांगाची म्हणजे लहान भरती, हे कोकणातली माणसं तोंडपाठ सांगतात, तुमच्या घरातल्या कॅलेंडरवरनंही अंदाज येईल, पण अंदाजच, तिथली वेळ आपल्यापेक्षा साडेबारा तास मागं असते म्हणून शेवटी तक्ताच खरा. मुंबईत पावसाळ्यात साडेचार मीटरच्या वरच्या भरतीचा इशारा टीव्हीवर बघता ना तुम्ही, त्या मानानं आकडा छोटाच वाटतो. पण मुंबईत पाणी चढलं तर मागं रस्ता आहे. तिथं मागं दरड आहे, सगळा फरक तिथंच पडतो.

नियम असा धरा की पाणी उतरत असताना जायचं आणि चढायला लागायच्या आत परत फिरायचं. समजा ओहोटी सकाळी साडेनऊला आहे, तर साडेसात-आठला बीचवर आणि साडेनऊ वाजले की तोंड गाडीकडं. लेकरू रडलं तरी. 'अजून दहा मिनिटं' हे वाक्य त्या दिवसापुरतं घरात ठेवून जायचं.

आणि हे जमवायचं असंल तर सिएटलहून सकाळी निघून संध्याकाळी परत असा बेत करू नका, एका बाजूचाच प्रवास गाडीनं चार तासांच्या आसपास, मग पोचाल तेव्हा जे पाणी असंल ते असंल, अन् एवढ्या लांब आलोय तर बघूनच जाऊ म्हणून माणसं भलत्या वेळेला खाली उतरतात. आदल्या दिवशी फोर्क्सला किंवा पोर्ट एंजेलिसला मुक्काम करा. फोर्क्सहून रियाल्टो अर्ध्या तासावर. थोडा खर्च होईल, होऊ द्या, मुलगा कमावतोय. मुक्कामाच्या गावातूनच त्या दिवसाचा हवामानाचा इशारा बघून घ्यायचा, 'हाय सर्फ' किंवा 'बीच हॅझर्ड' असले शब्द दिसले की त्या दिवशी बीच नाही. तुमचा मुलगा कॉम्प्युटरवाला आहे तर त्याला सांगा, लाटांची नुसती उंची बघू नको, दोन लाटांमधले सेकंदही बघ, ते पंधराच्या पुढं असले तर लांबच्या वादळाची ताकदवान लाट येतेय असं समज.

आता एक गोष्ट जी तुम्हाला किल्लारीकडच्या म्हणून मुद्दाम सांगायची आहे. ३० सप्टेंबर १९९३ ची पहाट तुम्हाला मी काय सांगावी. गणपती विसर्जन करून माणसं झोपलेली, तीन छप्पन्नला जमीन हलली अन् दगड-मातीची घरं अंगावर आली. तेव्हापासून आपल्या भागातल्या माणसांच्या हाडात एकच बसलंय, जमीन हलली की घराबाहेर, मोकळ्या जागेत पळायचं. इथं औशात, लातुरात ते बरोबरच आहे. त्या किनाऱ्यावर मात्र मोकळी जागा म्हणजे बीच, आणि जमीन हलल्यावर बीचवर थांबणं हीच सगळ्यात वाईट गोष्ट आहे. त्या समुद्राच्या तळाशी, किनाऱ्याला समांतर, एक मोठी भेग आहे, कॅस्केडिया म्हणतात. २६ जानेवारी १७०० ला रात्री तिथं ९ च्या आसपास तीव्रतेचा भूकंप झाला आणि त्याची त्सुनामी पॅसिफिक ओलांडून जपानपर्यंत गेली, जपानी लोकांनी पाणी आल्याची नोंद ठेवली म्हणून तर ती तारीख आज आपल्याला कळते. परत कधी होईल कोणी सांगू शकत नाही, तुम्ही असाल त्या दोन दिवसांत व्हायची शक्यता फारच कमी, तरी माहीत असावं. तिथं जमीन जोरात किंवा बराच वेळ हलली, किंवा समुद्र अचानक भलता मागं गेला, तर भोंग्याची वाट बघायची नाही, सामान उचलायचं नाही, हलणं थांबलं की आतल्या बाजूला अन् उंचावर निघायचं, पाणी यायला अर्धा तासही लागत नाही. आणि एक लाट येऊन गेली म्हणून खाली उतरायचं नाही, पुढच्या लाटा तासन्‌तास येत राहतात. पार्किंगला उतरल्या उतरल्या त्सुनामीची पाटी शोधून उंचावर जायचा रस्ता कुठला ते दाजींना दाखवून ठेवा.

ला पुशला क्विल्यूट आदिवासींची वस्ती आहे, ती माणसं पिढ्यान्‌पिढ्या समुद्राच्या काठाला राहिलेली. त्यांची शाळा पार खाली पाण्याजवळ होती. २०१२ साली अमेरिकेत कायदा करून पार्कातली उंचावरची जमीन त्यांना दिली आणि २०२२ मध्ये लेकरांची नवी शाळा वर सुरू झाली. किल्लारीचं पुनर्वसन तुम्ही बघितलंय, तुम्हाला यातलं सगळं न सांगता कळंल. त्यांच्या वस्तीतून जाताना त्यांचे नियम पाळायचे, घरांचे, माणसांचे फोटो न विचारता काढायचे नाहीत.

थंडीचं. तुम्ही लातूरच्या मे महिन्यातनं निघणार, तिथं जूनमध्येही दिवसाला पंधरा-सोळा अंश, वारा, धुकं अन् कधीही पाऊस. आणि पाणी १० ते १३ अंशांच्या आसपास. आपल्या विहिरीचं पाणी थंडीतही पंचविसेक अंश असतं, त्यात आयुष्यभर पोहलेला माणूसही या पाण्यात पडला की पहिल्या मिनिटाला त्याचा श्वासच अडकतो, धाप लागते, तेवढ्यात तोंडात पाणी गेलं की संपलं. दहा मिनिटांत हातपाय चालेनासे होतात. दाजी गोदावरीत पोहायचे असं तुम्ही पत्रात अभिमानानं लिहिलंय, खरंच असंल, पण तिथं गुडघाभर पाण्यातही उतरू देऊ नका. आणि चुकून कोणी ओढलं गेलंच तर मागं उडी मारायची नाही, हे मी हात जोडून सांगते, अशा वेळी वाचवायला गेलेला माणूसच जास्त वेळा जातो. नजर त्याच्यावरनं काढायची नाही, तरंगणारं काही असंल ते फेकायचं, आडवा तरंगत राहा असं ओरडून सांगायचं, आणि एकानं गाडी घेऊन रेंज मिळंल तिथं जाऊन ९११ हा तिथला मदतीचा नंबर लावायचा.

साडीवर नको ताई. भिजली की पायात गुंतते, जड होते, अन् ओंडक्यांच्या, गोट्यांच्या जागी पाय उचलता यायला पाहिजे. सलवार किंवा ट्रॅकपँट, लोकरीचा स्वेटर, वरून रेनकोट, पायात पकडीचे बूट. सुती कपडा ओला झाला की वाळत नाही अन् थंडी धरून ठेवतो. कोरड्या कपड्यांचा एक जोड सगळ्यांचा गाडीत. दाजींना काठी घ्या, गोट्यांवर गुडघ्याला फार ताण पडतो. बीपीच्या गोळ्या पर्समध्ये, गाडीत नाही. धपाटे-दशम्या, शेंगाची चटणी जरूर न्या पण उघडं ठेवून उठू नका, तिथं रॅकून नावाचं मांजराएवढं जनावर आहे, कावळे अन् समुद्रपक्षीही आहेत, पिशवी फाडून नेतात, आणि त्यांना हातानं खाऊ घालायला पार्कात मनाई आहे. लेकराला आधीच सांगा नाहीतर तो धपाट्याचा तुकडा पुढं करणारच.

खरं सांगायचं तर दाजींसाठी रियाल्टोपेक्षा कलालॉक जास्त बरं, फोर्क्सच्या दक्षिणेला, वाळूचा रुंद किनारा, चालायला सोपं, रस्त्याला लागून. ओंडके तिथंही आहेत, समुद्र तोच आहे, नियम तेच. तरी मागं सरकायला जागा मिळते. रियाल्टोला नुसतं बाकड्यावर बसून बघा अन् चालायला कलालॉकला जा, दोन दिवस आहेत तर दोन्ही होतं. रुबी बीच मधेच लागतं, फोटोत फार सुंदर दिसतं, पण वरनं खाली उतरायची वाट आहे आणि खाली पोचल्यावर बहुधा ओंडक्यांचा ढीग ओलांडावा लागतो, म्हणून ते तुम्ही वरूनच बघावं असं मला वाटतं.

ओटीचं. तुमची भावना मला कळते, आपण नदीलाही रिकाम्या हातानं भेटत नाही. पण नारळ, खण, हळदकुंकू पार्कात टाकून यायचं नाही, तो नियमही आहे आणि वाहायला म्हणून पाण्यापर्यंत जायचं अन् वाकायचं म्हणजे मी वर जे जे करू नका म्हटलं ते एकाच वेळी करणं झालं. कोळी लोकसुद्धा नारळ वाहतात ते समुद्र शांत होण्याची वाट बघून, नारळी पौर्णिमेला. तुम्ही नारळ सिएटलला घरीच फोडा, त्याच्या वड्या करून सोबत न्या, समुद्राला उंचावरनं हात जोडा अन् प्रसाद तिथं बाकड्यावर बसून सगळ्यांनी खा. ओटी भरायची राहिली असं मनाला लागलं तर परत आल्यावर पैठणला गोदावरीची भरा, ती आपलीच आहे.

मुलाशी भांडू नका. 'मला भीती वाटते' म्हटलं की पोरं हसण्यावारी नेतात, त्यापेक्षा त्याला सरळ तीन प्रश्न विचारा: त्या दिवशी ला पुशची ओहोटी किती वाजता आहे, आपण परत किती वाजता फिरणार, आणि पोराचा हात कोण धरणार? उत्तरं त्यानं व्हॉट्सअॅपवर लिहून पाठवली की तुम्ही निवांत झोपा. सूनबाईलाही त्याच ग्रुपवर घ्या, व्हिडिओ तिनं पाठवलाय म्हणजे उत्साह तिचा जास्त दिसतोय, आणि लेकरूही तिचं जास्त ऐकंल.

आणि त्या दिवशी इशारा असला किंवा वेळा जुळल्याच नाहीत तर समुद्राचा हट्ट नको. पोर्ट एंजेलिसहून फोर्क्सला जाताना रस्त्यालाच लेक क्रेसेंट लागतं, खोल निळं तळं, काठाला बसायला जागा, जवळच मेरीमिअर धबधब्याची वाट आहे, तिचा सुरुवातीचा भाग सपाट आहे, दाजी जमंल तेवढं चालतील अन् मागं फिरतील. नातवाला तिथं झाडांच्या मुळांवर चढू द्या, हवं तेवढं.